रक्त काढताना बोललेलं

माझी धाकटी बहीण शास्त्रज्ञ आहे आणि मी लोकांचं रक्त काढते. ही ओळख माझी नाही, आमच्या आईची आहे. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं की आठवड्याभरात आई त्यांच्याकडे चहाला जाते आणि एवढी माहिती पोहोचवून येते. पहिल्या अर्ध्या वाक्याला ती अर्धा तास घेते. उरलेलं अर्धं चपला घालता घालता सांगते.

तसं ते खोटं नाही. गेली सत्तावीस वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सात वाजता उपाशीपोटी आलेल्या माणसांच्या रांगेपासून माझा दिवस सुरू होतो. शिरा शोधायच्या, नळ्या भरायच्या, स्लाइडवर रक्ताचा थेंब पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा, आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजायच्या. म्हणजे पेशी मीसुद्धा बघते. बहिणीची जवळजवळ वीस वर्षं पेशी बघण्यात गेली, माझी सत्तावीस. पण तिने बघितलं की ते संशोधन होतं, आणि मी बघितलं की लोक विचारतात, रिपोर्ट किती वाजता मिळेल?

मत्सर हा शब्द मला फार भारदस्त वाटतो, नाटकात शोभणारा. माझ्याकडे जे होतं ते रोजच्या वापरातलं होतं, टूथब्रशसारखं. सकाळी हाताला लागायचं.

याची सुरुवात माझ्याच वह्यांपासून झाली. पदवीला आम्हा दोघींचा विषय एकच, प्राणिशास्त्र. ती माझ्या चार वर्षं मागे. माझ्या वह्या, माझ्या आकृत्या, माझा चिमटे-कात्रीचा डिसेक्शन बॉक्स, सगळं तिच्याकडे गेलं. पुढे शिकायला पुण्याला जायचं म्हणून मी प्रवेश परीक्षा दिली आणि नापास झाले. चार वर्षांनी तिने तीच परीक्षा माझ्याच नोट्स वाचून दिली आणि पास झाली. लोकांना सांगताना मी म्हणते, माझं शिक्षण लग्नामुळे राहून गेलं. लग्न त्या परीक्षेनंतर दोन वर्षांनी झालं. हे वाक्य कानावर आलं की आमचे हे हातातला पेपर जरासा वर धरतात, तोंड झाकेल इतकाच. पंचवीस वर्षांत त्यांनी मला एकदाही उघडं पाडलेलं नाही. चांगला माणूस आहे.

तर बहीण पुण्याला गेली, तिथून बंगळूरला आणि पुढे परदेशात. एका दिवाळीत ती लॅपटॉप घेऊन आली आणि आम्हाला तिचं काम दाखवलं. काचेच्या बशीत त्वचेच्या पेशींचा पातळ थर वाढवायचा, त्यावर टोकदार नळीने एक रेघ ओढायची, म्हणजे जखमच करायची म्हणा, आणि मग दोन्ही काठांवरच्या पेशी ती रेघ कशी बुजवतात ते तासन्‌तास टिपत राहायचं. त्याची तिने फिल्म केली होती. पेशी पाय फुटल्यासारख्या पुढे सरकत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सरकत होत्या, आणि शेवटी दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या.

आई म्हणाली, मुंग्यांसारख्या दिसतात गं. मी विचारलं, किती पट मोठं करून दाखवलंय? असा प्रश्न अशासाठी की यातलं मलाही कळतं हे खोलीत सगळ्यांना कळावं. बहिणीने आकडा सांगितला आणि आईला मुंग्यांविषयी समजावायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन चकल्यांचा डबा उगाचच उघडला आणि बंद केला.

भाऊबीज उरकून सोमवारी मी लॅबमध्ये स्लाइडी मोजायला बसले. एका स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, कोणत्या जातीची दिसली त्याप्रमाणे काउंटरचं बटण दाबायचं. माझ्या पेशी सरकत नव्हत्या. त्या वाळलेल्या, रंगवलेल्या, जागच्या जागी असतात. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आणि मग, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तिने पेशी सोडल्या.

व्हिडिओ कॉलवर सांगितलं तिने. म्हणाली, मी आता मानसशास्त्र शिकणार आहे, क्लिनिकल, पहिल्यापासून. मला इतका राग आला की यांनी टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, कोण गेलं?

राग कशाचा हे मला स्वतःलाही धड सांगता येईना. जी गोष्ट मी इतकी वर्षं दुकानाच्या काचेबाहेरून बघत उभी होते, ती तिने विकत घेतली, वापरली आणि एक दिवस परत नेऊन ठेवली. हेवा करायला काहीतरी टिकाऊ लागतं हो. मी तिला म्हटलं, एवढं शिकून वाया घालवतेस. हे आईचं वाक्य होतं. आई बोलायच्या आधी मी बोलून टाकलं.

ती शांतपणे म्हणाली की ताण दीर्घकाळ सोसलेल्या माणसांच्या पेशींवर त्यांच्या प्रयोगशाळेत काम चालू होतं. नळ्या यायच्या, त्यांच्यावर नुसते क्रमांक. नळीचा मालक कोण हे विचारायचं नाही, असा नियम. ‘मला तोच प्रश्न पडायला लागला, ताई,’ ती म्हणाली. ‘ही बाई कोण असेल आणि तिला काय झालं असेल. पेशीला विचारून ते कळत नाही.’

पुढची काही वर्षं ती निम्म्या वयाच्या पोरांबरोबर वर्गात बसली. ती नापास व्हावी असं मी कधी देवाला सांगितलं नाही. पण ती पास झाल्याचा फोन आला तेव्हा मी पेढे आणायला सांगितले ते पाव किलोच.

आईची मात्र पंचाईत झाली. कॉलनीत आता काय सांगायचं? पहिले काही दिवस ती ‘वेड्यांची डॉक्टर’ म्हणायला लागली आणि मी, खोटं कशाला बोलू, दुरुस्ती केली नाही. पण पंधरवड्यात आईने वाक्य बसवलं: ‘आधी ती शरीर आतून बघायची, आता मन आतून बघते.’ समोरच्या वहिनींनी ते ऐकून चक्क हात जोडले. रक्त काढण्याविषयी असं एखादं वाक्य आईला अजून सुचलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बहीण नाशिकला परत आली. आता तिने दोन्ही कामं एकत्र आणली होती. मोठ्या आजाराचं किंवा जन्मापासून अंथरुणाला खिळलेलं मूल घरात वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या आयांचा तिला अभ्यास करायचा होता. त्यांच्याशी बोलायचं, त्यांच्या मनावर काय ओझं आहे ते प्रश्नावलीत उतरवायचं, आणि त्यांच्या रक्तातल्या पेशी तपासायच्या. मन आणि पेशी एकमेकांशी काही बोलतात का, ते बघायचं. त्यासाठी तिला रक्त काढणारं विश्वासाचं माणूस हवं होतं.

‘ताई, तू येशील का?’

मी म्हटलं, बघून सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि गॅस सिलिंडर कधी लागला होता ती तारीख वाचत बराच वेळ उभी राहिले. मग म्हटलं, जमवते. त्या दिवशी पोळ्या करताना मी गुणगुणत होते म्हणे. हे यांनी सांगितलं.

दिंडोरी रोडला अशा मुलांना व्यायाम शिकवणारं एक केंद्र आहे. तिथल्या दोन खोल्या आम्हाला आठवड्यातून तीन दुपारी मिळाल्या. पहिली खोली बहिणीची. तिथे टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग, प्रश्नावलीचे कागद, आणि भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र. दुसरी माझी. तिथे एक खुर्ची, एक स्टूल, नळ्यांचा स्टँड आणि रक्त फिरवून त्याचे थर वेगळे करायचं यंत्र. बाईने आधी बहिणीसमोर बसायचं, पाऊण तास प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग माझ्याकडे येऊन दोन नळ्या रक्त द्यायचं. बायका निफाडकडून यायच्या, दिंडोरीकडून यायच्या, काही आमच्या नाशिक रोडच्या. बहिणीला मॅडम म्हणायच्या. मला रक्तवाल्या ताई.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. रक्त काढताना बोलायचं असतं. हे कोणी शिकवत नाही, पण पहिल्या वर्षात कळतं. माणूस सुईकडे बघत बसला की शीर आखडते. म्हणून मान पलीकडे वळवायला सांगायची आणि असं काहीतरी विचारायचं ज्याचं उत्तर लांबलचक असेल. तुम्हाला भीती वाटते का, हे विचारायचं नाही. द्राक्षाची छाटणी झाली का, विचारायचं. घरी कोण कोण, विचारायचं. दंडाला पट्टा बांधल्यापासून कापसाचा बोळा दाबेपर्यंत चार-पाच मिनिटं, आणि त्या मिनिटांत माणसाचं तोंड आपोआप चालतं. एका हाताला सुई आहे, डोळे भिंतीकडे आहेत, समोरची बाई आपल्याकडे न बघता शिरेकडे बघते आहे. बोलून जातं माणूस.

त्या बायका बोलायच्या. एक म्हणाली, रात्र झाली की मला घरात जावंसं वाटत नाही. एकीने सांगितलं, नवरा दुसऱ्या खोलीत झोपतो त्याला पाच वर्षं झाली. एक तर नुसती रडली, आणि मी सुई काढल्यावर म्हणाली, टोचलं ना, म्हणून.

आणि पलीकडच्या खोलीत याच बायकांनी दहा मिनिटांपूर्वी काय सांगितलेलं असायचं? गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का: कधीच नाही. झोप मोडते का: कधीच नाही. सगळं बरं आहे, मॅडम. एवढ्या शिकलेल्या बाईसमोर, छापील कागदावर, पाण्याचा पेला पुढ्यात असताना, आपलं घर उघडं कोण करणार? शिवाय बहिणीचं मराठी परदेशात जरा खुर्चीवर बसूनच राहिलं होतं. ‘तुम्हाला निरुत्साही वाटतं का?’ असं ती विचारायची. त्यावर आमच्या बायका विचार करून सांगायच्या, नाही, पित्त होतं कधी कधी.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बहीण कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. हे असंच चाललं तर अभ्यास बंद करावा लागेल, म्हणाली. रक्तात ताण दिसतोय आणि कागदावर एकीलाही काही त्रास नाही. ‘ताई, या बायका इतक्या सुखी कशा?’

मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मी म्हटलं, ‘नाशिकची हवा चांगली आहे.’

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. मला आनंद झाला. चार वर्षांनी धाकट्या बहिणीला जे हवं होतं, ज्याच्यासाठी तिने दोन-दोन शास्त्रं शिकली, ते माझ्याकडे होतं, आणि ती स्टुलावर होती. मला ते आणखी थोडे दिवस ठेवून घ्यायचं होतं. सांगणार होते मी. पण तिने विचारल्यावर. नीट विचारल्यावर. ‘ताई, तुला काय वाटतं?’ असं.

यासाठी माझ्याकडे एक सबबही तयार होती आणि ती चांगली घोटीव होती. आमच्या कामात तोंड बंद ठेवायचं असतं. आकडा काहीही येवो, रुग्णाने कितीही विचारो, आपण म्हणायचं, डॉक्टर सांगतील. सत्तावीस वर्षं मी हे पाळलं आहे. तेव्हा बायकांनी मला काही सांगितलं तर ते माझ्यापाशीच राहायला हवं, नाही का? इतकं नैतिक मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी निफाडकडची एक बाई आली. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एवढंच की पस्तिशीची असेल, हसरी होती, आणि तिची मुलगी अकरा वर्षांची, जन्मापासून झोपून. बोलत नाही, चालत नाही. बाई द्राक्षाच्या बागेत कामाला जाते आणि मधल्या सुट्टीत घरी येऊन पोरीला भरवून परत जाते. हातावर शिरा छान होत्या, कामाच्या हाताच्या असतात तशा. मी पट्टा बांधला आणि विचारलं, बागेचं काय चाललंय? तिने थोडं सांगितलं. घडांना कागद लावायचं काम चालू होतं. मग भिंतीकडे बघतच म्हणाली:

‘ताई, तुम्ही दवाखान्यातल्या, तुम्हाला ठाऊक असंल. अशा पोरीला ठेवून घेणारी जागा असती का कुठं? म्हंजी, आई नसली तर.’

मी म्हटलं असतात, चौकशी करून सांगेन.

‘नाय, घाई नाय. नुसतं इचारलं. कागद काय काय लागत्यात? आईची सही आधीच घेऊन ठेवली तर चालती का?’

ते मला माहीत नव्हतं. तसं म्हटलं. ती हसली, लय बोलते ना मी, म्हणाली. मी सुई काढली, बोळा दाबायला दिला, नळीवर क्रमांक लिहिला. आणि मनात म्हटलं, हे आजवरचं सगळ्यात भारी. हे बहिणीला कधी सांगायचं, कसं सांगायचं, कुठे थांबून तिच्याकडे बघायचं, याचा विचार करत मी घरी आले. त्या बाईचा विचार मी केला नाही. वाक्याचा केला.

मंगळवार गेला. बुधवारी बहीण कामात होती, काही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. गुरुवारी आईने जेवताना तिच्या कुठल्याशा भाषणाचा विषय काढला, म्हणून तर मुद्दामच नाही.

शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये एका तापाच्या रुग्णाच्या प्लेटलेट मोजल्या, त्या फार खाली गेलेल्या होत्या. अशा वेळी आमच्यात रिपोर्ट छापायची वाट बघत नाहीत. हातातलं टाकून डॉक्टरांना फोन लावायचा. तोंड बंद ठेवायच्या नियमाच्या शेजारीच हाही नियम आहे, पहिल्या दिवसापासून, आणि मला तो झोपेतही पाठ आहे. मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लगेच कळवलंत. फोन ठेवला आणि माझा हात तिथेच राहिला. आईची सही आधीच घेऊन ठेवली तर चालती का.

रांगेतल्या लोकांना बसा म्हणाले आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बहिणीला फोन केला. मी सुरुवात केली, त्या निफाडच्या बाईंना जरा काळजी वाटते मुलीची, वगैरे. तिने मध्येच थांबवलं. ‘तुझे शब्द नकोत. ती काय म्हणाली ते सांग.’

मी सांगितलं. शब्द न्‌ शब्द सांगितला, कारण चार दिवस घोकतच होते.

‘सही आधीच?’

‘हो.’

‘हे कधी म्हणाली?’

‘सोमवारी.’

मग ती म्हणाली, ‘आज शुक्रवार आहे, ताई.’

आमच्या आयुष्यात आम्ही पुष्कळ भांडलो आहोत, पण एवढं मला तिने कधी सुनावलेलं नाही.

तिने बाईंना फोन लावला. नवऱ्याने उचलला, बाईंना दिला, बाई म्हणाल्या सगळं बरं आहे. बहिणीने त्यांना सांगितलं, आम्ही तासाभरात येतोय, तोवर घरातच थांबा, आणि घरी कोणीतरी सोबत राहील असंही नवऱ्याशी बोलून ठरवलं. मग मला परत फोन करून म्हणाली, गाडी काढ आणि मला घ्यायला ये.

गाडी आमच्या ह्यांची, जुनी, आणि तिसऱ्या गिअरला कुरकुरणारी. मी वाटेत देवाला जे काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्यात बहिणीचा उल्लेख नव्हता, एवढी नोंद करते, कारण ते अनेक वर्षांत पहिल्यांदाच झालं असेल.

बाई दारातच होती, हात पिठाचे. मॅडम तुम्ही कशाला आलात, करत तिने चटई टाकली. सासू मुलीपाशी बसली होती. बहीण बाईला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि मी ओट्यावर बसले. समोर बाग, घडांना कागद लावलेले, वारा आला की सगळी बाग कागदासारखी वाजायची. दार लोटलेलं होतं. मग बहीण बाहेर आली.

‘तिला तू आत हवी आहेस,’ ती म्हणाली.

त्या घटकेला मला काय वाटलं हे लिहायची लाज वाटते. मला बरं वाटलं. अशा वेळीसुद्धा.

आत गेले तर कुठे बसावं कळेना. बाईशेजारी बसले आणि काही न सुचून तिचा हात हातात घेतला, मनगट वर करून, शीर बघायला घेतात तसा. दुसरं काही येतच नाही मला. तिने मान भिंतीकडे वळवली आणि बोलायला लागली. पाठ, झोप, पोरीचं वाढतं वजन, आपल्याला उचलायला झेपेनासं झालंय ते. ती थांबली तेव्हा मी म्हणणार होते, होईल सगळं ठीक. माझ्या तोंडात ते आलेलंच होतं.

बहिणीने विचारलं, ‘मरून जावं, असं मनात येतं का तुमच्या?’

असं सरळ. मराठीही खुर्चीवरून उतरलेलं. सत्तावीस वर्षं मी माणसांना सुया टोचते आहे, पण हे विचारायची माझी छाती झाली नसती. मला वाटलं, आता ही बाई उठून जाईल. ती उठली नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, ‘येतं.’ आणि मग किती दिवसांपासून, कधी कधी, हे बहीण एकेक करून विचारत गेली, आणि ती सांगत गेली. बहीण घाबरली नाही, उपदेश केला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. त्या बाईला ते सगळं तिच्यासमोर ठेवता आलं. बाईचा हात माझ्या हातात होता आणि बोलणं तिकडे चाललं होतं.

पेशींची फिल्म बघून मी जळले होते त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी ओळखीचीच ती कळ पुन्हा आली, पण जरा वेगळ्या जागी. मला हे येत नाही, हे येण्यासाठी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती, आणि ते वाया गेलेलं नव्हतं.

नंतर तिने नवऱ्याला आणि सासूला बसवून समजावलं. एकटं सोडायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला डॉक्टरांकडे आणायचं, मुलीला दिवसातून दोनदा सासूने आणि नवऱ्याने उचलायचं. नवरा मान हलवत होता. आम्हाला वाटलं हसतीये म्हणजे बरी हे, म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मला तर तिने सांगितलेलं होतं.

परतताना मी वाट बघत होते. ती चिडेल, किंवा रडेल, किंवा निदान म्हणेल की ताई, तुझ्यामुळे कळलं. नाशिकमध्ये शिरताना, द्वारकेच्या चौकात तिने तोंड उघडलं. मी श्वास धरला. ती म्हणाली, ‘सिग्नल लाल आहे.’

मी ब्रेक दाबला. मग मीच सुरुवात केली. बाकीच्या बायकाही माझ्याशी बोलल्यात, म्हटलं, तीन आठवडे, सगळं माझ्या लक्षात आहे, तुला लिहून देते. माझ्याकडचा सगळा साठा मी एकदम पुढ्यात ओतायला निघाले होते.

‘नको,’ ती म्हणाली. ‘ते त्यांनी तुला सांगितलंय. मला सांगायचं असतं तर मला सांगितलं असतं. कोणाच्या जिवाशी येण्यासारखं असेल तेवढं सांग, बाकी तुझ्यापाशी ठेव.’

मी आठवून आठवून पाहिलं. जिवाशी येण्यासारखं आणखी काही नव्हतं, दोघी जणी रात्र रात्र झोप नाही म्हणाल्या होत्या ते सोडून. ते सांगितलं, तिने त्या दोघींना दुसऱ्या दिवशी फोन केले. बाकी सगळं, जे मी तीन आठवडे जपून ठेवलं होतं, ते तिच्या काही कामाचं नव्हतं. ते वापरायची परवानगी कोणी दिलेलीच नव्हती.

तिने तोवरच्या साऱ्या प्रश्नावल्या बाजूला काढल्या आणि अशा अभ्यासांवर लक्ष ठेवणाऱ्या नीती समितीकडे पद्धत बदलायची परवानगी मागितली. आता आधी रक्त, मग त्याच खोलीत गप्पा, आणि कागद सगळ्यात शेवटी. प्रश्नांचं मराठी तिने माझ्याकडून सुधारून घेतलं. ‘निरुत्साही’च्या जागी मी ‘काही करू नये असं वाटतं का’ घातलं. या सगळ्याला काही महिने गेले. त्यासाठी समितीला जो अहवाल पाठवला तो तिने मला वाचायला दिला. त्यात एक ओळ होती: सदर माहिती रक्तसंकलन करणाऱ्या व्यक्तीकडून चार दिवस विलंबाने प्राप्त झाली. संशोधनात माझा आजवर एवढाच उल्लेख आहे. मी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हटलं, बरोबर आहे.

निफाडची बाई आता अभ्यासात नाही. तिची औषधं चालू आहेत, आणि दर गुरुवारी ती बहिणीशी बोलायला येते, नवरा आणून सोडतो. महिन्यातून एकदा डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी असते, ती माझ्याकडे. पहिल्या वेळी मी तिच्यासाठी मुद्दाम दोन-तीन लांब उत्तरांचे प्रश्न काढून ठेवले होते. तिने हात पुढे केला, मूठ वळली, मान वळवायचं तिला सांगावं लागलं नाही. मी विचारलं, पोरगी काय म्हणते? बरी हे, म्हणाली. बागेचं? चाललंय. मी पट्टा जरा सैल करून पुन्हा बांधला, थोडा वेळ मिळावा म्हणून.

ती दाराकडे बघून म्हणाली, ‘ताई, लवकर उरका, मॅडम थांबल्यात.’

मी लवकर उरकलं.